उरलेल्या झिलईचे करायचे काय?

सिरॅमिक स्टुडिओत काम संपले की ब्रश, चाळण्या आणि बादल्या धुतल्या जातात आणि रंगीत पाणी बेसिनमधून वाहून जाते. या पाण्यात भांड्यांवर चढवायची झिलई, म्हणजेच ग्लेझ असते. ती नळीत साचून गटार तुंबवते. शिवाय तिच्यातील तांबे अल्प प्रमाणातही जलचरांना घातक ठरते.

झिलई ही मुळात काचच. सिलिकापासून काच बनते, अल्युमिनामुळे ती भट्टीत ओघळत नाही आणि फेल्डस्पार, चुनखडी यांमुळे सिलिका कमी तापमानाला वितळते. रंग येतो तो लोह, तांबे, कोबाल्ट, मँगनीज यांच्या ऑक्साइडमधून. म्हणजे धुवणाच्या पाण्यात जाते ती खाणीतून काढलेली, दळलेली, पैसे मोजून आणलेली खनिजे.

ती वाचवण्याची पद्धत सोपी आहे. सारे धुवण एका बादलीत साठवायचे. एक-दोन दिवसांत गाळ तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी पुन्हा हत्यारे धुवायला वापरायचे. गाळ ८० मेशच्या चाळणीतून गाळायचा आणि मातीच्या छोट्या तुकड्यावर लावून भट्टीत भाजून पाहायचा. अनेक रंग मिसळल्याने तो बहुधा तपकिरी किंवा हिरवट राखाडी निघतो. थोडे लोह ऑक्साइड घातले की गडद, एकसारखा रंग मिळतो. मात्र १००० ते ११५० अंश सेल्सिअसला भाजायची झिलई आणि १२०० अंशांवरची झिलई वेगवेगळ्या बादल्यांत ठेवावी. कमी तापमानाची झिलई जास्त आचेला पातळ होऊन भट्टीच्या फळीवर ओघळते.

खरा धोका सुकलेल्या गाळात आहे. त्याची भुकटी उडाली की सिलिकाचे सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. वर्षानुवर्षे असे घडले तर सिलिकोसिस होतो आणि त्यावर उपचार असले तरी तो बरा होत नाही. सिलिकाची ही धूळ कर्करोगकारक म्हणूनही वर्गीकृत आहे. म्हणून गाळ ओलाच हाताळावा, जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कोरडी पूड मिसळताना एन-९५ मास्क हवा, साधा कापडी मास्क पुरत नाही. शिसे किंवा बेरियम असलेली झिलई या बादलीत मुळीच टाकू नये.

अशा मिश्र झिलईत नेमके काय आहे, हे सांगता येत नाही. त्यामुळे ती कुंड्या, फुलदाण्या, शोभेच्या फरश्या यांनाच लावावी. कपाच्या बाहेरून लावायची तर ओठ टेकतात ती कड सोडावी. भांड्यावर लिंबाची फोड रात्रभर ठेवून रंग उतरला, तर झिलई अस्थिर आहे हे नक्की. पण रंग न उतरणे ही सुरक्षिततेची हमी नव्हे. लोणचे, चिंच, ताक अशा आंबट पदार्थांत धातू सहज उतरतात. जेवणाच्या भांड्यांसाठी प्रयोगशाळेत तपासलेली, घटक माहीत असलेली झिलईच वापरावी.