चिमण्या, ब्रिटनमधील : निरीक्षण व छायाचित्रण

ब्रिटनमध्ये पॅसरिडी कुलातील दोन जातींची वीण नियमितपणे होते : घरचिमणी (पॅसर डोमेस्टिकस) व वृक्षचिमणी (पॅसर माँटेनस). पैकी पहिली महाराष्ट्रात सर्वपरिचित असलेलीच जाती होय. तिच्या नराचा माथा करडा व कंठ काळा असतो. मादी फिकट तपकिरी असते. वृक्षचिमणीत नर-मादी सारखेच दिसतात. संपूर्ण तांबूस माथा व पांढऱ्या गालावरील काळा ठिपका ही तिची हमखास खूण. इंग्रज लोक ज्याला ‘कुंपणचिमणी’ म्हणत आले तो डनक (प्रुनेला मॉड्युलॅरिस) मात्र चिमणीच नव्हे. नवशिके येथे हटकून फसतात.

स्पॅनिश चिमणी (पॅसर हिस्पॅनिओलेन्सिस) ही क्वचित येणारी पाहुणी. तिची ब्रिटनमधील पहिली नोंद १९६६ मध्ये लंडी बेटावर झाली. नराचा माथा तांबूस असला, तरी गालावर ठिपका नसतो आणि छातीवर व कुशींवर ठळक काळ्या रेघा असतात. म्हणून छायाचित्र पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून, गाल व कूस दोन्ही दिसतील असे घ्यावे. दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी तपासणारी समिती तेथे १९५९ पासून आहे व तिच्यापुढे असा पुरावा मोलाचा ठरतो. ढगाळ दिवसाचा मंद प्रकाश तपकिरी छटांना कडक उन्हापेक्षा अधिक मानवतो. वृक्षचिमणीसाठी यॉर्कशरमधील बेम्पटन येथील कड्यांचा परिसर सोयीचा आहे. विणीच्या हंगामात घरट्याजवळ कॅमेरा नेऊ नये.

दुर्मिळाची ओढ किती असते, हे जानेवारी २००८ मध्ये नॉरफॉकमधील क्ले गावी दिसले. तेथील एका घराच्या आवारात उत्तर अमेरिकेतील श्वेतशीर्ष चिमणी (झोनोट्रिकिया ल्यूकोफ्रिस) उतरली. ती वेगळ्या कुलातील, नावापुरतीच चिमणी. तिला पाहण्यास लोटलेल्या लोकांनी दिलेल्या देणग्या गावच्या चर्चच्या दुरुस्तीस उपयोगी पडल्या व पुढे चर्चच्या रंगीत काचेच्या खिडकीत त्या पक्ष्याचे चित्र आले.

घरचिमणीच्या वाट्याला असे कौतुक आले नाही. तिचा इतिहास कळतो तो मुख्यतः कंटाळवाण्या मोजणीतून. मॅक्स निकल्सन यांनी १९२५ मध्ये लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधील चिमण्या मोजल्या, त्या २,६०३ भरल्या. त्याच उद्यानात १९४८ मध्ये ८८५, १९७५ मध्ये ५४४, १९९५ मध्ये ४६ व २००० मध्ये केवळ ८ आढळल्या. पहिली घट घोडागाड्या जाऊन सांडणारे धान्य नाहीसे झाल्याने झाली असावी. नंतरच्या ऱ्हासाचे एकच कारण सांगता येत नाही. पिलांना लागणाऱ्या कीटकांचा तुटवडा व घरट्यांच्या जागांचा अभाव ही कारणे पुढे आली आहेत. लंडनमधील चिमण्यांत पक्षि-हिवतापाचे परोपजीवीही आढळले आहेत. २००२ पासून ही जाती तेथील चिंताजनक पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. वृक्षचिमणीची संख्या १९७० ते २००८ या काळात सु. ९३ टक्क्यांनी घटली.

१९७९ पासून जानेवारीअखेर घरोघरच्या बागांतील पक्ष्यांची गणना होते. तासभर बसून प्रत्येक जातीचे एका वेळी दिसलेले जास्तीत जास्त पक्षी नोंदवावयाचे असतात. या यादीत घरचिमणी बरीच वर्षे पहिली येत आहे. मात्र दर बागेमागची तिची संख्या आरंभीच्या निम्म्याहून कमी झाली आहे.