किनाऱ्यावरची कुरसुरा, पाण्यातली गाझी

इसवी सन 1753 च्या नोव्हेंबर महिन्यात औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, निजाम सलाबतजंग याने बुसी नामक फ्रेंच सेनानीस सनदा करून दिल्या, आणि त्याच्या फौजेच्या खर्चापोटी मुस्तफानगर, एलोर, राजमहेंद्री व शिकाकोल ही पूर्वकिनाऱ्यावरील चार सरकारे त्याच्या हवाली केली. विशाखापट्टणचा परिसर शिकाकोल सरकारात मोडत असे. ज्या दप्तरात या सनदा लिहिल्या गेल्या त्यातील कारकुनांपैकी किती जणांनी समुद्र पाहिला असेल कोण जाणे. परंतु शेकडो कोसांवरील त्या किनाऱ्याचे भवितव्य कागदाच्या चार बंदांवर ठरले, एवढे खरे. पुढे 1766 च्या तहाने आणि त्यामागून झालेल्या व्यवहारांनी तो सारा मुलूख इंग्रज कंपनीकडे गेला, निजामाचे राज्य चोहोबाजूंनी जमिनीने वेढले गेले, आणि आम्हा मराठवाडेकरांच्या वाट्यास आरमाराच्या केवळ गोष्टी आल्या.

आज आमच्याच शहरावरून शिर्डी ते विशाखापट्टण अशी आगगाडी जाते, आणि तिने त्या किनाऱ्यास उतरणारा प्रवासी कैलासगिरी, सिंहाचलम् वगैरे पाहून झाल्यावर हमखास जिच्यासमोर येऊन उभा राहतो ती वस्तू म्हणजे रामकृष्ण बीचच्या वाळूत सिमेंटच्या चौथऱ्यांवर विसावलेली ‘कुरसुरा’ ही पाणबुडी होय. गेल्या अर्धशतकात आपल्या पाणबुड्यांचे काय झाले, कोणती कोठे राहिली आणि कोणती का राहिली नाही, याचा मागोवा घ्यावयाचा तर आरंभ येथूनच करणे सोयीचे.

भारतीय नौदलाची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ 8 डिसेंबर 1967 रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील रीगा बंदरात सेवेत दाखल झाली. तो दिवस आजही पाणबुडी दिन म्हणून पाळला जातो. मागोमाग 1968 मध्ये ‘खांदेरी’ आणि 1969 मध्ये ‘करंज’ व ‘कुरसुरा’ आल्या. खांदेरीचा उल्लेख आला की थळच्या समोरील तो जलदुर्ग, 1679 सालचे ते इंग्रजांशी झालेले झुंज, मायनाक भंडारी व दौलतखान ही नावे आठवल्याविना मराठी मनुष्य पुढे जात नाही, आणि जाऊही नये. करंजचे पहिले अधिपती मोहन नारायणराव सामंत. 1971 च्या युद्धात मुक्तिवाहिनीच्या जलकमांडोंसह बांगला देशच्या नदीमुखांत शिरून केलेल्या पराक्रमाबद्दल त्यांस महावीरचक्र मिळाले. या खांदेरीची आणि या करंजची साक्ष देणारी संपूर्ण पाणबुडी मात्र महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आज कोठेही उभी नाही.

कुरसुरेचे दैव निराळे. 18 डिसेंबर 1969 रोजी सेवेत आलेली ही नौका 27 फेब्रुवारी 2001 रोजी निवृत्त झाली, तेव्हा तिच्या खाती 73,500 सागरी मैलांचा प्रवास जमा होता. आणि पुरते दीड वर्ष उलटण्यापूर्वीच, 9 ऑगस्ट 2002 रोजी, मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांच्या हस्ते तिचे संग्रहालय म्हणून उद्घाटनही झाले. सुमारे 91 मीटर लांबीचे ते धूड बंदरातून ओढून आणावयाचे, किनाऱ्याच्या वाळूवर चढवावयाचे आणि पक्क्या पायावर बसवावयाचे, हे काम अभियंत्यांच्या कौशल्याचे खरेच. परंतु त्याहून दुर्मीळ गोष्ट ही की, एका सरकारी दप्तरातून दुसऱ्या दप्तरात जाणारा कागद त्या काळात वाटेत कोठेही निजला नाही.

आत शिरताच प्रथम जाणवते ती रुंदीची कृपणता. साडेसात मीटर हा आकडा बाहेरून ऐकताना प्रशस्त वाटतो. पण बाह्य कवच, आतील दाब सोसणारे कवच, त्यांमधील पाण्याच्या टाक्या, पायांखालची विद्युत्‌घटमाला, भिंतीभिंतीवरून धावणाऱ्या नळ्या, झडपा, चक्रे आणि दाबमापके या सर्वांनी आपापला हिस्सा उचलल्यावर मनुष्याच्या वाट्यास जी गल्ली उरते तीत दोघांस समोरासमोरून जाता येत नाही. पुढच्या दालनात सहा टॉर्पेडोनलिका, मागच्यात चार, आणि त्यांच्यामध्ये अधिकाऱ्यांच्या कोठड्या, नियंत्रणकक्ष, तीन डिझेल एंजिने, तीन विद्युत्‌मोटरी अशी सात दालने. एका दालनातून दुसऱ्यात जाण्यास वर्तुळाकार झरोके, की ज्यांतून पाय आधी घालावा की डोके, याविषयी प्रत्येक प्रेक्षक काही क्षण संभ्रमात पडतो. पाण्याखाली डिझेल एंजिनास लागणारी हवा नाही, म्हणून तेथे विद्युत्‌घटांवर चालावयाचे. ते रिते झाले की रात्रीच्या आडोशाने पृष्ठभागानजीक येऊन श्वासनळी वर काढावयाची, एंजिने सुरू करून घट पुनश्च भरावयाचे, आणि शत्रूच्या विमानाने ती नळी पाहिली तर जीव मुठीत धरून खाली जावयाचे: सारे युद्धशास्त्र या एका श्वासाच्या हिशेबावर उभे. सत्तर-पंचाहत्तर माणसे येथे आठवडेच्या आठवडे राहत. गोडे पाणी मोजून मिळे, आणि एकाच बिछान्यावर एकाची पहारापाळी संपताच दुसऱ्याची पाठ टेके.

हे सर्व माहितीफलकावर लिहिता येते. तेथे मात्र ते निवृत्त नौसैनिकांच्या तोंडून ऐकावयास मिळते, हा कुरसुरेचा खरा विशेष. ज्या हातांनी ही चक्रे फिरविली तेच हात ती दाखवीत असतात. संग्रहालयशास्त्राच्या ग्रंथांत याला काय म्हणत असतील ते असो. मला तरी यापरते उत्तम व्यवस्थापन सुचत नाही.

आता त्याच किनाऱ्यावर उभे राहून समोरच्या पाण्याकडे पाहावे. त्या पाण्यात, बंदराच्या तोंडापासून फार दूर नव्हे, दोन पाणबुड्या तळाशी आहेत. पहिली जपानी ‘आरओ-110’. 11 फेब्रुवारी 1944 रोजी व्यापारी जहाजांच्या तांड्यावर हल्ला केल्यानंतर हिंदी नौदलाची ‘जमना’ आणि ऑस्ट्रेलियाच्या ‘लाँसेस्टन’ व ‘इप्सविच’ या युद्धनौकांनी तिला बुडविले. दुसरी पाकिस्तानची ‘गाझी’. मूळची ही अमेरिकन ‘डायब्लो’, 1945 मध्ये सेवेत आलेली. 1964 मध्ये ती पाकिस्तानकडे भाडेपट्ट्याने आली. 1971 च्या नोव्हेंबरात ती कराचीहून निघाली ती ‘विक्रांत’ या आपल्या विमानवाहू नौकेच्या शोधात. आणि विक्रांत विशाखापट्टणातच आहे असा भास व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी बनावट संदेशांच्या आणि रसदीच्या मागण्यांच्या योगे असा बेमालूम निर्माण केला की, विक्रांत अंदमानच्या बाजूस सुखरूप असता गाझी रिकाम्या बंदरापुढे पहारा करीत राहिली. 3 व 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री तिचा स्फोट झाला आणि तिच्यासह 93 माणसे गेली. ‘राजपूत’ या विनाशिकेने टाकलेल्या पाणबुडीविरोधी स्फोटकांनी ती फुटली असे आपले नौदल म्हणते, तिच्याच पोटातील सुरुंगांनी फुटली असे पाकिस्तान म्हणते, या वादाचा निवाडा या लेखात करण्याचे प्रयोजन नाही.

2024 च्या आरंभी नौदलाच्या खोल पाण्यातील बचावयानाने गाझीचे अवशेष हुडकले, आणि मृतांच्या विश्रांतिस्थानास हात लावावयाचा नाही असा निर्णय झाला. तो योग्यच होय. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना किनाऱ्याजवळ 1942 मध्ये बुडालेल्या जर्मन ‘यू-352’ वर आज हौशी पाणबुड्ये सर्रास उतरतात, छायाचित्रे घेतात; त्यांच्या साहसाविषयी मला आदर आहे, तरी ज्या कवचाच्या आत माणसे कोंडून मेली त्याच्याभोवती सहल काढताना मन थोडे कचरावे, असे वाटते. बुडालेली नौका वर काढली म्हणजे ती वाचली असेही नव्हे. ब्रिटिश नौदलाची पहिली पाणबुडी ‘हॉलंड-1’ भंगारात विकली जाऊन 1913 मध्ये ओढून नेताना बुडाली, 1982 मध्ये वर आली, आणि मुरलेल्या क्षारांनी हवेत इतक्या झपाट्याने गंजू लागली की 1995 मध्ये तिला क्षारनाशक द्रावणाच्या टाकीत पुनश्च बुडवून ठेवावे लागले.

आणि जिच्यासाठी गाझी आली त्या विक्रांतचे काय झाले? 31 जानेवारी 1997 रोजी ती निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षे ती अधूनमधून जनतेस पाहावयास खुली असे. तरंगते संग्रहालय करण्याच्या तजविजी झाल्या, बैठका झाल्या, खर्चाचे अंदाज झाले. 2012 मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव दारे बंद झाली, राज्य शासनाने खर्चाचा विषय पुढे करून असमर्थता कळविली, सुमारे 60 कोटी रुपयांस लिलाव झाला, आणि सर्वोच्च न्यायालयातील दाद निष्फळ होताच 2014 च्या अखेरीस तोडणीस आरंभ झाला. तिचे काही पोलाद बजाज कंपनीने घेऊन 2016 मध्ये एक मोटारसायकल बाजारात आणली. त्या कंपनीचा एक कारखाना आमच्या वाळूजला आहे, तेव्हा विक्रांतचा एखादा तुकडा जालना रस्त्यावरून धावत असल्यास नवल नाही. शिकारी समुद्राच्या तळाशी सन्मानाने निजलेला, आणि सावज लिलावात वितळलेले, असा हा हिशेब. पाकिस्तानने तर भारताची ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडविणारी ‘हंगोर’ ही पाणबुडी कराचीच्या सागरी संग्रहालयात जपून ठेवली आहे. शत्रूपासूनही काही शिकण्याजोगे असते.

अर्थात दिरंगाईचा मक्ता एकट्या महाराष्ट्राकडे नाही. 2010 मध्ये निवृत्त झालेली ‘वागली’ ही पाणबुडी तामिळनाडूने मामल्लपुरम् येथे मांडण्यासाठी मागून घेतली. ती योजना सिद्धीस गेली नाही.

अलीकडे आपल्या शासनाने निराळी वाट धरली आहे. जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही, पोलंडमध्ये बांधलेली, फौज उतरविणारी नौका फेब्रुवारी 2025 मध्ये पर्यटन महामंडळाच्या ताब्यात आली, आणि सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ ती मुद्दाम बुडवून तिच्यावर प्रवाळ वाढवावयाचे व प्रवाशांस तेथे उतरवावयाचे, असा संकल्प केंद्राच्या सुमारे 47 कोटींच्या साहाय्याने मांडला गेला आहे. तारकर्लीस स्कूबा शिकविणारी महामंडळाची संस्था आहे, माशांना आसरा मिळेल, कोणाच्या थडग्याचा भंग नाही; तेव्हा या संकल्पास विरोध करण्याचे कारण दिसत नाही. मात्र अशा नौकेपर्यंत पोहोचण्यास पोहण्याचे धैर्य, निरोगी कान व गाठीस पैसा लागतो, आणि पैठणहून वा सिल्लोडहून सहलीस निघालेल्या शाळेच्या मुलांस ती कधीही दिसणार नाही. कुरसुरेत ती मुले तिकीट काढून दहा मिनिटांत शिरतात आणि डोके आपटून घेऊन बाहेर येतात.

संधी अद्याप गेलेली नाही. सोव्हिएत घडणीच्या सिंधुघोष वर्गातील पाणबुड्या आता वयोमानाप्रमाणे निवृत्त होत आहेत. ‘सिंधुध्वज’ 35 वर्षांच्या सेवेनंतर 16 जुलै 2022 रोजी विशाखापट्टणातच निवृत्त झाली. उरलेल्यांपैकी एक अलिबाग वा रत्नागिरीच्या किनाऱ्यासाठी मागावयाची असेल, तर अर्ज निवृत्तीच्या समारंभाआधी मंत्रालयातून निघाला पाहिजे, जागेची मोजणी व पायाचा खर्च त्यास जोडलेला पाहिजे, आणि तीत काम केलेल्या दहा-बारा निवृत्त सैनिकांची मार्गदर्शक म्हणून नेमणूक त्याच अर्जात मागितलेली पाहिजे.