रेंज गेल्यावर कोणतं ॲप चालतं?

घरच्या वायफायवर सगळीच ॲप शहाणी असतात. त्यांची पारख करायची तर शहर सोडावं लागतं. सिल्लोडच्या पुढे अजिंठ्याचा घाट उतरू लागलात, किंवा मनमाडच्या वाटेवर लासूर आणि रोटेगावच्या मधे क्रॉसिंगसाठी गाडी माळरानात थांबली, की काही ॲप नुसती गोल फिरत बसतात आणि काही बिनबोभाट चालू राहतात. छत्रपती संभाजीनगरहून प्रवास करणाऱ्याने आवडीची ॲप निवडताना एवढी एकच कसोटी लावली तरी पुरे.

‘रेंज नाही’ असं आपण सरसकट म्हणतो, पण फोनचं बाहेरच्या जगाशी नातं तीन तऱ्हांचं असतं. एक इंटरनेटचं, दुसरं मोबाइल टॉवरचं आणि तिसरं उपग्रहांचं. इंटरनेट गेलं तरी टॉवर बहुधा सापडतो. टॉवरही गेला, तरी उपग्रह डोक्यावर असतातच.

टॉवरवर चालणारं ॲप म्हणजे ‘व्हेअर इज माय ट्रेन’. बंगळूरूच्या सिग्मॉइड लॅब्जने ते तयार केलं आणि 2018 साली गुगलने ती कंपनी विकत घेतली. प्रत्येक टॉवरला स्वतःचा क्रमांक असतो. डेटा बंद असला तरी फोन जवळच्या टॉवरशी बोलत असतो, त्यामुळे तो क्रमांक त्याला कळतो. कोणता टॉवर रुळाच्या कोणत्या टप्प्याजवळ आहे याची माहिती आणि गाड्यांचं वेळापत्रक ॲपने आधीच फोनमध्ये साठवलेलं असतं. दोन्हींचा मेळ घातला की ‘पोटूळ गेलं, लासूर येतंय’ हे इंटरनेटशिवाय सांगता येतं. मात्र त्यासाठी तुम्ही त्याच गाडीत बसलेले असायला हवं. घरी बसून नांदेडहून येणारी देवगिरी कुठवर आली ते पाहायचं असेल, तर इंटरनेट लागणारच. आणखी एक सांगून ठेवतो. 2025च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या छत्रपती संभाजीनगर स्थानकाचं नाव बदललं, तसा कोडही ‘एडब्ल्यूबी’चा ‘सीपीएसएन’ झाला. जुना कोड बोटांत बसलेल्यांनी तिकीट काढताना तेवढं लक्षात ठेवावं.

नकाशाचं काम याहून गमतीचं आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरून सतत वेळेचा संकेत पाठवत असतात. फोन तो फक्त ऐकतो, उलट काहीच पाठवत नाही. निदान चार उपग्रहांचे संकेत पोचायला किती वेळ लागला यावरून तो आपली जागा काढतो. यात इंटरनेटची गरजच नाही. इंटरनेट लागतं ते ठिपक्याखालचं चित्र आणायला, म्हणजे रस्ते आणि गावांची नावं. ते चित्र आधीच उतरवून ठेवता येतं. गुगल मॅप्समध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट ठेवलं की ऑफलाइन नकाशांचा पर्याय दिसतो. तिथं येणारी चौकट ओढून तीत शहर, वेरूळ, कन्नड, सिल्लोड, फर्दापूर एवढा पट्टा बसवा आणि वायफायवर उतरवून घ्या. मग गाडीचा रस्ता बिनइंटरनेटचा दिसतो. पुढे कोंडी आहे का, हे मात्र कळत नाही आणि पायी जायचा रस्ताही हा नकाशा दाखवत नाही.

इंटरनेट नसताना पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो. एरवी कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती फोन इंटरनेटवरून झटपट आणतो. ते नसलं की उपग्रहांकडूनच ती ऐकत बसावी लागते. अशा वेळी फोन हलवून उपयोग नाही, उघड्यावर थोडं थांबावं. वेरूळला हे छान अनुभवता येतं. सोळा नंबरचं कैलास लेणं वरून खाली कोरलेलं, त्याच्या अंगणात आभाळ उघडं, म्हणून तिथं ठिपका सापडतो. दहा नंबरच्या विश्वकर्मा लेण्यात शिरलात की वर अख्खा कातळ. तिथं ठिपका भरकटला तर दोष फोनचा नाही.

काही गोष्टी मात्र नकाशाला विचारूच नयेत. तो अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत रस्ता दाखवेल, पण खासगी गाड्या फर्दापूरच्या टी पॉइंटवरच थांबवतात. तिथून सुमारे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं.

जनरलच्या तिकिटासाठी आता ‘रेलवन’ आहे. 1 जुलै 2025 रोजी रेल्वेने ते आणलं. कागदाविना तिकीट काढायचं असेल तर स्थानकाच्या आवाराबाहेरच काढा. आत शिरलेल्या फोनला ॲप जीपीएसवरून ओळखतं आणि अडवतं, नाहीतर टीसी दिसल्यावरच सगळ्यांनी तिकिटं काढली असती! आत गेल्यावर आठवलं तर स्थानकात लावलेला क्यूआर कोड स्कॅन करायचा.

पैशांचं थोडक्यात सांगतो. यूपीआयच्या ॲपना एरवी इंटरनेट लागतं. *99# डायल करून बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून टॉवरच्या जोरावर पैसे पाठवता येतात, मराठीतसुद्धा. पण रिक्षावाला समोर खोळंबला असताना ते आकडे दाबत बसण्यापेक्षा खिशातली शंभराची नोट बरी. गाडीच्या कागदांचं मात्र तसं नाही. डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स ग्राह्य धरावं असं केंद्राने 2018मध्येच राज्यांना कळवलंय. गॅलरीतल्या फोटोला ती किंमत नाही.

आपल्या मराठवाड्यात प्रत्येकाच्या फोनमध्ये असावं असं ॲप म्हणजे ‘दामिनी’. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते तयार केलंय. वीज कडाडली की रेडिओलहरींचा एक झटका चारी दिशांना पसरतो. देशभर बसवलेली संवेदक यंत्रं तो टिपतात. कोणत्या यंत्रावर तो किती लवकर पोचला, यातल्या अतिसूक्ष्म फरकावरून वीज कुठे चमकली ते कळतं. ॲप तुमच्याभोवती 20 आणि 40 किलोमीटरची वर्तुळं काढून गेल्या पाच, दहा आणि पंधरा मिनिटांतल्या विजा वेगवेगळ्या रंगांत दाखवतं. वर्तुळाच्या कडेवरचे ठिपके तुमच्याकडे सरकू लागले, तर दौलताबादचा किल्ला चढायचा बेत पुढे ढकला आणि झाडाखाली थांबू नका. पण याला इंटरनेट हवंच, तेव्हा वळवाच्या दिवसांत निघण्यापूर्वीच पाहून घ्या.

आणि पाहुण्यांना घेऊन निघण्याआधी, कोणतंही ॲप न उघडता, आज वार कोणता ते बघा. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी.