शून्यांची रांग आणि दहाचा घात

मोठी संख्या डोळे दिपवते खरी. परंतु तिच्यातील शून्ये मोजू लागताच भल्याभल्यांची तारांबळ उडते. आपल्या बेळगाव-निपाणी भागातील घरांत तर हा प्रश्न अधिकच जाणवतो. आजोबा मराठी शाळेत शिकलेले, मुलगा कन्नड माध्यमातला आणि नातवंडे इंग्रजीतून शिकणारी, असे चित्र येथे नवे नाही. लक्ष आणि कोटी हे शब्द मराठीस व कन्नडास समाईक असल्यामुळे तिथवर सर्वांचा मेळ बसतो. पुढे मात्र नावेच फसवू लागतात.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. प्रत्येक स्थान मागच्याच्या दसपट. त्यांत अब्ज म्हणजे एकावर नऊ शून्ये आणि खर्व म्हणजे एकावर दहा. आजच्या हिंदीतील ‘खरब’ मात्र एकावर अकरा शून्ये सांगतो. इंग्रजीचीही तीच तऱ्हा. ब्रिटनमध्ये ‘बिलियन’ म्हणजे एकावर बारा शून्ये असत. १९७४ साली तेथील सरकारने आपल्या आकडेवारीसाठी नऊ शून्यांचा अर्थ स्वीकारला. त्यामुळे कपाटातील जुने इंग्रजी पुस्तक आणि नातवाचे नवे पुस्तक एकच शब्द वापरूनही हजारपटीने निराळे बोलत असण्याचा संभव आहे.

हा घोळ टाळणारी रीत म्हणजे वैज्ञानिक संकेतन. यात संख्येचे दोन भाग करतात. पहिला भाग एक किंवा त्याहून मोठा, पण दहापेक्षा लहान असावा. दुसरा भाग दहाचा घात. दशांश चिन्ह जितकी घरे सरकवावे तितका घातांक. चिन्ह डावीकडे सरकवले तर घातांक धन, उजवीकडे सरकवले तर ऋण. घातांक दहाच्या उजव्या खांद्यावर लहान आकड्यात लिहितात. येथे आम्ही तो शब्दांत देत आहोत.

घटप्रभेवरील हिडकल धरणाचेच उदाहरण घेऊ. त्याची साठवण क्षमता ५१ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट. म्हणून एकूण ५१,००,००,००,००० घनफूट. दशांश चिन्ह पाचाच्या पुढे आणावयाचे तर ते दहा घरे डावीकडे जाते. उत्तर : ५.१ × दहाचा १०वा घात.

आता याचे लिटर करू. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर, म्हणजे २.८३ × दहाचा पहिला घात. गुणाकारात पुढील संख्या गुणावयाच्या आणि घातांक मिळवावयाचे. आले १४.४३ × दहाचा ११वा घात. पहिला भाग दहापेक्षा मोठा झाला, म्हणून चिन्ह आणखी एक घर डावीकडे नेऊ : सुमारे १.४४ × दहाचा १२वा घात. भास्कराचार्यांच्या भाषेत हे जवळजवळ दीड महापद्म लिटर पाणी होय!

आता सूक्ष्माकडे वळू. निपाणीचे नाव तंबाखूशी जोडलेले. तंबाखूच्या एका बीचे वजन साधारण ०.००००८ ग्रॅम. चिन्ह पाच घरे उजवीकडे नेले की ८ × दहाचा उणे ५वा घात. मग एक किलोत बिया किती? किलो म्हणजे दहाचा तिसरा घात ग्रॅम. भागाकारात घातांक वजा होतात : तीनातून उणे पाच वजा केले की आठ. एकास आठाने भागले की ०.१२५. म्हणजे ०.१२५ × दहाचा ८वा घात. नीट लिहिल्यास १.२५ × दहाचा ७वा घात. सोप्या शब्दांत, सव्वा कोटी बिया!

या साऱ्याचे महत्त्व केवळ परीक्षेपुरते नाही. एक शून्य गळले की उत्तर दहापटीने चुकते. मिलिग्रॅम म्हणजे दहाचा उणे तिसरा घात ग्रॅम, तर मायक्रोग्रॅम म्हणजे दहाचा उणे सहावा घात ग्रॅम. औषधाच्या मात्रेत या दोहोंची गल्लत झाली, तर रोग्याच्या पोटात हजारपट औषध जाऊ शकते. घातांक समोर असला की अशी चूक तत्काळ नजरेत भरते.

येत्या पावसाळ्यात वर्तमानपत्रात धरणांचे आकडे येतील. तेव्हा आजोबांनी तो आकडा मराठीतून वाचावा आणि नातवाने दहाच्या घातात मांडावा. शाळा निराळ्या असल्या, तरी घातांक दोघांचा एकच येईल.