सायकलची मूठ का फिरते?

बंगळूरु शहराच्या दक्षिण भागात बनशंकरी ही विस्तीर्ण वसाहत आहे. तिच्या सहाव्या टप्प्यालगत तुरहळ्ळीचे वनखंड लागते. तेथील उघडे खडक, मातीच्या पायवाटा आणि लहानमोठे चढउतार यांमुळे माउंटन बाईक चालविणारे अनेक वर्षे तिकडे जात आले आहेत. खडकाळ उतारावर सायकलस्वाराचा बराचसा भार हातांवर येतो. नेमक्या त्याच क्षणी हँडलवरील रबरी मूठ फिरली, तर ब्रेकवरचे बोट ढळते, तोल सुटतो आणि स्वार खडकावर आदळतो. क्षुल्लक वाटणाऱ्या या रबरी नळीवर माणसाची हाडे शाबूत राहणे अवलंबून असते.

मूठ हँडलवर टिकून राहते ती कशाच्या बळावर? मूठ बसते त्या ठिकाणी हँडलचा बाहेरील व्यास सामान्यतः २२.२ मिलिमीटर असतो. मुठीचे भोक त्याहून किंचित लहान ठेवलेले असते. त्यामुळे मूठ चढविताना रबर ताणले जाते, पुन्हा आकसू पाहते आणि धातूला सर्व बाजूंनी आवळून धरते. घर्षण हे दाबाच्या प्रमाणात असते, हा नियम फ्रान्समधील गियोम आमोंताँ याने १६९९ मध्ये मांडला. रबर मात्र या नियमापलीकडेही काही करते. ते मऊ असल्यामुळे धातूवरील सूक्ष्म खाचाखळग्यांत शिरते व तेथे चिकटून राहते. कोरड्या रबराची पकड इतकी दृढ असते ती यामुळेच.

परंतु या दोहोंच्या मध्ये पाण्याचा अगदी पातळ थर जरी आला, तरी रबर धातूला भिडू शकत नाही. ओल्या फरशीवर रबरी चप्पल घसरते, तसाच हा प्रकार होय. बंगळूरुला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस जोराचा असतो. हँडलचे टोक उघडे असल्यास पाणी तेथून मुठीखाली झिरपते, आणि एकदा आत शिरले की लवकर सुकत नाही. सायकल धुताना वापरलेला साबण व साखळीचे तेल यांचाही परिणाम असाच होतो. शिवाय सतत ताणलेले रबर कालांतराने सैलावते. ऊन आणि हवेतील ओझोन यांनी ते कडक होऊन भेगाळते. अशी मूठ स्वच्छ करून भागत नाही, ती बदलावीच लागते.

मूठ चांगल्या स्थितीत असेल, तर उपाय सोपा आहे. ती काढून तिचा आतील भाग व हँडल स्पिरिटने पुसावे. नंतर आत थोडे स्पिरिट सोडून मूठ चढवावी. ओले असेतो स्पिरिट वंगणाचे काम करते. पुढे ते उडून जाते आणि रबर धातूला भिडते. मात्र ते पूर्ण उडण्यासाठी रात्रभर वाट पाहावी. हात निर्जंतुक करण्याच्या द्रवात बहुधा ग्लिसरीन असते व ते मागे उरते, म्हणून तो वापरू नये. काही जण केसांवर मारावयाचा स्प्रे वापरतात. तो वाळल्यावर चिकट होतो खरा, परंतु पाण्याने पुन्हा मऊ पडू शकतो.

लॉक-ऑन मुठीची रचना वेगळी असते. तिच्यात रबराखाली कठीण प्लॅस्टिकची नळी असून धातूचे कडे बोल्टने आवळलेले असते. येथे पकड रबराच्या ताणावर नव्हे, तर बोल्टच्या दाबावर अवलंबून असते. बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या मापापर्यंतच आवळावा. कार्बन तंतूंचे हँडल अतिरिक्त दाबाने चिरडू शकते.

मूठ कोणतीही असो, हँडलच्या टोकांना बुचे बसवावीत. ती पाणी अडवितात आणि पडल्यास नळीची उघडी धार अंगात घुसू देत नाहीत. निघण्यापूर्वी पुढचे चाक गुडघ्यांत धरून दोन्ही मुठी जोराने पिळून पाहाव्यात. मूठ तसूभरही फिरली, तर त्या दिवशी उताराची वाट धरू नये.