हाताला मुंग्या : ऑपरेशन करायचं की थांबायचं?

कापूस वेचणी सुरू झाली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. रात्री दोन-अडीचला जाग येते, हात जड झालेला, बोटांत मुंग्या. उठून हात झटकला की जरा बरं वाटतं. सकाळी शेतात जावं तर बोंडातला कापूस बोटाला लागतोय की नाही तेच कळत नाही. दवाखान्यात दाखवलं तर डॉक्टर म्हणतात, नस दबली आहे, ऑपरेशन करून घ्या. मग विचार सुरू. करावं का नको? हात निकामी झाला तर?

आमच्या ओळखीतल्या एका वहिनीला डॉक्टरांनी हेच सांगितलं. गावात कुणी म्हणालं, नस कापली की हात लुळा पडतो. कुणी मनगटाला डाग द्यायला सांगितलं. कुणी चोळून बसवून देतो म्हणालं. वहिनी घाबरल्या आणि सहा महिने गप्प बसल्या. आम्ही काही डॉक्टर नाही. पण जे समजून घेतलं ते आपल्या भाषेत सांगतो.

आधी एक गोंधळ मिटवू. आपण म्हणतो शीर दबली, आणि डोळ्यापुढे येतं की रक्त थांबलं. तसं नाही. ही रक्ताची शीर नव्हे. ही विजेच्या वायरीसारखी नस आहे. बोटाला लागलेला चटका डोक्यापर्यंत नेते आणि डोक्याचा हुकूम बोटांपर्यंत आणते. मनगटात तळहाताच्या बाजूला एक अरुंद बोळ असतो. खाली हाडं, वर एक जाड पट्टा. त्या बोळातून बोटं ओढणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि दाटीवाटीनं ही एक नस. दोऱ्यांभोवती सूज आली की चेपली जाते ती नस. दाराच्या फटीत वायर सापडावी तसं. चोळून किंवा डाग देऊन ती फट मोठी होत नाही, उलट बधिर हाताला भाजल्याची जखम मात्र होते.

आता तुम्हीच तुमचा हात बघा. कोणती बोटं बधिर होतात? अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल, करंगळी मात्र शाबूत असेल, तर मनगटातली नस दबल्याची शक्यता जास्त. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावा, बोटं खाली, आणि साठ आकडे मोजा. एवढ्यात मुंग्या आल्या तर संशय वाढतो. फॅलन नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी ही तपासणी रूढ केली, आजही डॉक्टर तीच करतात.

करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर होत असेल तर भानगड कोपराशी आहे. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच ती नस. हात मुडपून उशाशी घेऊन झोपणं, ओट्यावर कोपर टेकून बसणं, यानं ती जास्त दुखावते. आणि मान दुखून खांद्यापासून हातभर कळ येत असेल तर मान तपासायला हवी. मनगटाचं ऑपरेशन करून मानेचं दुखणं जात नाही. म्हणून ऑपरेशनाआधी नस नक्की कुठे दबली हे ठरलं पाहिजे. त्यासाठी हाताला बारीक विजेचे झटके देऊन नसेचा वेग मोजतात. थोडं टोचल्यासारखं होतं, भिण्यासारखं काही नाही.

इथे एक गोष्ट थांबून सांगावीशी वाटते, कारण ती कुणी उघड बोलत नाही. कोपराची नस जाड झाली असेल, हाताला बधिरपणा असेल आणि अंगावर कुठे फिकट किंवा लालसर चट्टा असेल, ज्यावर ना खाज ना स्पर्श कळतो, तर आधी कुष्ठरोगाची तपासणी करा. नाव ऐकून दचकू नका. सरकारी दवाखान्यात त्याची औषधं फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायची असतात आणि रोग बरा होतो. सुजलेल्या नसेसाठी वेगळ्या गोळ्या असतात. त्या लवकर सुरू झाल्या तर हात वाचतो. लाजेपायी चट्टा पदराखाली झाकून ठेवणारी बाई बोटं वाकडी झाल्यावर दवाखान्यात पोचते, आणि तेव्हा बराच उशीर झालेला असतो. आशाताईंना चट्टा दाखवायला काय हरकत आहे?

साखर आणि थायरॉईडही तपासून घ्या. दोन्हींमुळे हा त्रास वाढतो. साखरेचा बधिरपणा बहुतेक वेळा पायांपासून सुरू होतो, तेही डॉक्टरांना सांगा. गरोदरपणात अंगावर पाणी धरतं तेव्हा पुष्कळ जणींना मनगटाच्या मुंग्या येतात. बाळंतपणानंतर त्या बहुधा आपोआप जातात, तिथे ऑपरेशनची घाई नको. राहिल्या त्या लाल-पिवळ्या ताकदीच्या सुया. अंगात जीवनसत्त्व कमी असेल तर त्यांचा उपयोग, चेपलेल्या नसेवर नाही. त्या पैशांत तपासणी होते.

मग थांबायचं कुणी? जिला फक्त रात्री मुंग्या येतात, दिवसा बोटं नीट चालतात, त्रास सुरू होऊन थोडेच महिने झालेत, तिनं आधी रात्रीचा पट्टा वापरून बघावा. मनगट सरळ ठेवणारा पट्टा औषधाच्या दुकानात मिळतो. पाचसहा आठवडे रोज रात्री बांधायचा, फार आवळायचा नाही. मनगट मुडपलं की बोळ आणखी अरुंद होतो, म्हणून सरळ ठेवायचं, एवढंच त्यामागचं कारण. कोपराचा त्रास असेल तर जुन्या लुगड्याची सैल घडी कोपराभोवती गुंडाळा, म्हणजे झोपेत हात पूर्ण मुडपत नाही. डॉक्टर मनगटात सुईनं औषधही सोडतात. त्यानं काही आठवडे, काही महिने चांगला आराम पडतो, पण पुष्कळ जणींचा त्रास परत येतो.

आणि थांबू नये कुणी? बोटं दिवसरात्र बधिर आहेत. हातातून कप, विळा निसटतो. ब्लाऊजचं हूक लावता येत नाही. तवा लागून फोड आला तरी कळलं नाही. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो बसत चालला. दोन्ही हात शेजारी ठेवून तो बघा, फरक दिसतो. असं असेल तर पट्ट्यावर वेळ घालवू नका. नस फार दिवस दबून राहिली तर पट्टा कापून मोकळी केली तरी पूर्ण भरून येत नाही. हात आणखी बिघडायचा थांबतो, पण गेलेली ताकद परत येईलच असं नाही.

आता ऑपरेशन. नस कापत नाहीत, हे पहिल्यांदा लक्षात ठेवा. नसेवरचा तो जाड पट्टा कापतात, म्हणजे बोळाचं छत उघडतात. बहुतेक वेळा फक्त हात बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत होतं आणि त्याच दिवशी घरी येता येतं. बांगड्या आणि अंगठी आधी काढाव्या लागतात, हाताला सूज येते म्हणून. सवाष्णीनं बांगडी उतरवायची कशी म्हणून कुणी अडून बसतं. अहो, दुसऱ्या हातात घाला की! टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. बोटं मात्र पहिल्या दिवसापासून हलवायची. रात्रीच्या मुंग्या बहुधा लवकर जातात, बधिरपणा हळूहळू जातो. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर भरून येते, त्यामुळे महिने लागतात. व्रण काही महिने हुळहुळतो, तळहातावर जोर दिला की दुखतं. जखम पिकणं, नसेला इजा होणं, आराम न पडणं हेही कधीकधी घडतं. डॉक्टरांना हे तोंडावर विचारा. कोपराचं ऑपरेशन याहून थोडं मोठं असतं.

पण खरी अडचण दवाखान्यात नाही, घरात आहे. जड काम चार ते सहा आठवडे बंद, म्हणजे हंडा कोण भरणार, भाकऱ्या कोण थापणार? वेचणीची मजुरी किलोवर, हात थांबला की पैसा थांबला. बाया म्हणतात, हंगाम संपला की बघू. पण किनवटात बाईच्या हाताला रिकामा हंगाम कुठे आहे? सोयाबीन झालं की कापूस, कापूस संपला की मोह वेचायचा, मग तेंदूपत्ता तोडून पुडे बांधायचे, तोवर पेरणी. त्रास रात्रीपुरता असेल तर वेचणी उरकून ऑपरेशन करा, बिघडत नाही. अंगठ्याचं मांस उतरायला लागलं असेल तर मात्र हंगामाकडे बघू नका. दोन्ही हातांचा त्रास असेल तर एकेक हात करा, निदान एक तरी घास भरवायला मोकळा राहतो.

पहिली चौकशी गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात करा. पुढे पाठवलं तर नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र मोठ्या दवाखान्यांत बसलेले असतात. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या आणि आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का, हे त्यांना आधी विचारा. कर्ज काढायचं असेल तर त्यानंतर.

वहिनींचं म्हणाल तर त्यांच्या अंगठ्याचा उंचवटा थोडा बसला होता. गटाच्या बैठकीत त्यांनी हात पुढे करून दाखवला. मग बोलणं दुखण्यावरून पाळीवर आलं. दोघींनी पाणी घेतलं, एकीनं शेळ्या, सासूबाईंनी भाकरी. नवऱ्याच्या वाट्याला भांडी आली तेव्हा सगळ्याच हसल्या. ते बिचारे दारातच उभे होते, नाही म्हणता येईना. ऑपरेशन झालं. मुंग्या पहिल्याच आठवड्यात गेल्या. मधल्या बोटाचं टोक अजून थोडं बधिर आहे, आणि भांडी अजून तेच घासतात.