रस्ता बंद केला, मग वाहने गेली कुठे?

न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर बागेतून पूर्वी मोटारी जात. रहिवाशांच्या मागणीवरून १९५८ मध्ये तो रस्ता प्रायोगिक तत्त्वावर बंद झाला. भोवतालचे रस्ते तुंबतील, असे भाकीत होते. प्रत्यक्ष मोजणीत तेथील वाहने वाढली नाहीत. उलट किंचित घटली. रहिवाशांनी आग्रह सोडला नाही आणि १९५९ मध्ये बंदी कायम झाली.

असे का घडले? आपण वाहतुकीला पाणी समजतो : इकडे अडवले की तिकडून वाहणारच. पण पाणी निर्णय घेत नाही, माणूस घेतो. वाट लांबली की कोणी चालत जातो, कोणी बस धरतो, कोणी फेरीच टाळतो.

आम्ही सुचवतो : शाळेसमोरची वाहने विद्यार्थ्यांकडून मोजून घ्या. वाद मग आकड्यांवर होईल.